शहाण्णव मीटर

समुद्र आपल्या घरापासून किती खाली आहे, हा प्रश्न मला पन्नाशीपर्यंत कधी पडला नव्हता. पडायचं कारणही नव्हतं. समुद्र आमच्या घरापासून दोन दिवसांच्या प्रवासावर, आणि आम्हा दोघांनाही पोहता येत नाही. पण मनगटावर उंची सांगणारं घड्याळ चढलं आणि मी जिथे उभा राहीन तिथून समुद्र मोजायला लागलो.

घड्याळ मला पाणीपुरवठा खात्याने दिलं, पंचवीस वर्षं एकाच टेबलाशी बसल्याबद्दल. दरवेळी भिंतीवरचं देतात. यंदा खरेदी विभागाने यादीतल्या कुठल्या ओळीवर खूण केली देव जाणे, खोक्यातून निघालं ते काळं, जाडजूड, चार बटणांचं धूड. वेळ सांगणं हा त्याचा जोडधंदा. मुख्य काम उंची सांगणं. आपण चढलो की हवेचा दाब कमी होतो, उतरलो की वाढतो. त्या दाबावरून ते आपण समुद्रसपाटीपासून किती मीटर वर आहोत हे दाखवतं. आमच्या हिने खोकं पाहिलं मात्र, तिचे डोळे लकाकले.

"अहो, हे मला द्या ना," ती म्हणाली. "परीक्षेला फार उपयोगी पडेल."

परीक्षेचं आधी सांगतो, कारण ही सगळी हकीकत तिच्या परीक्षेची आहे. मी उगाच मधे तडमडलो. ती पोस्टात पत्रं वेगळी करण्याच्या विभागात काम करते आणि गेलं वर्षभर दर रविवारी गिर्यारोहण मंडळाच्या वर्गाला जात होती. घरातल्या कपडे वाळत घालायच्या दोरीला इतक्या प्रकारच्या गाठी बसल्या होत्या की माझा एक सदरा तीन दिवस सुटला नाही. नकाशा वाचण्यात पहिली, होकायंत्रात पहिली, प्रथमोपचारात पहिली. आता शेवटची परीक्षा राहिली होती. आठ नवख्या माणसांना घेऊन डोंगरावरच्या तळ्याकाठी जो निवारा आहे तिथे दुपारी एकच्या आत पोचायचं आणि सगळ्यांना धडधाकट खाली आणायचं. पास झालं की नेतृत्वाचा दाखला, आणि रविवारची एक तुकडी कायमची तिच्या हाताखाली.

"सव्वीस वर्षं पत्रं कुठे जायची ते मी ठरवतेय," ती एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली होती. "एकदा माणसं कुठे जायची ते ठरवून बघायचंय." असं काही स्वतःसाठी मागायची तिला सवय नाही. त्यामुळे ते माझ्या लक्षात राहिलं. म्हणजे लक्षात राहिलं, पण उपयोग काही झाला नाही.

तर ती म्हणाली घड्याळ द्या. आणि मी म्हणालो, "तुझ्या मनगटाला मोठं होईल."

पट्ट्याला चौदा भोकं होती. आज ते वाक्य आठवलं की मला स्वतःच्या कानशिलात वाजवावीशी वाटते.

घड्याळासोबत एकशे चाळीस पानांची पुस्तिका होती, मुंगीच्या अक्षरात. तिचा सारांश एवढाच, की घड्याळाला एकदा आपली खरी उंची सांगावी लागते. उंची नक्की माहीत असलेल्या जागी उभं राहायचं, तो आकडा घालायचा, मग पुढचं चढउतार ते सांभाळतं. जिथे जिथे उंचीची पाटी दिसेल तिथे पुन्हा ताळा घ्यावा, असंही सहाव्या पानावर ठळक छापलं होतं. सहावं पान मी वाचलं होतं. हे मी आधीच कबूल करून टाकतो.

पण घराची उंची कोणाला माहीत? मी वरच्या मजल्यावरच्या काकांना विचारलं. त्यांना सगळी इमारत विमानवाले काका म्हणते. तीस वर्षं ते विमानतळावर होते. (सामानाच्या पट्ट्यावर होते हे मला फार उशिरा कळलं.) काकांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं, हलवून पाहिलं, आणि म्हणाले, "हे बघा, यंत्र झकास आहे. पण उंची पक्की घाला हं! आमच्याकडे एक मीटर इकडचा तिकडे झाला तर माणसं घरी पोचायची नाहीत. सरकारी उंची आणा. सरकारीशिवाय कशावर विश्वास ठेवू नका."

तोवर जिन्यात चाचणी घ्या, असंही त्यांनीच सुचवलं. मग मी आठवडाभर कचेरीतून आलो की जिना चढायचो आणि उतरायचो, आणि काका वरून ओरडायचे, "किती?" मी ओरडायचो, "तीन मीटर!" तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी दार उघडून म्हणाल्या, "भाऊ, डॉक्टरांनी सांगितलंय का चालायला? मग बागेत जा ना!" मी त्यांना हवेच्या दाबाबद्दल समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि संध्याकाळी आमच्या हिला गाठून हळूच विचारलं, "ह्यांचं सगळं ठीक आहे ना?"

सरकारी उंचीसाठी मी भूमापन कचेरीत गेलो. खिडकीतल्या कारकुनाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जागा कोणाच्या नावावर आहे?"

"कुठली जागा?"

"जिची उंची हवी ती."

"जिन्याची पहिली पायरी. ती सगळ्यांची आहे."

"सगळ्यांची म्हणजे कोणाचीच नाही," तो म्हणाला आणि एक अर्ज सरकवला. त्यात एक रकाना होता, 'अर्जदाराचा सदर उंचीशी संबंध'. मी बराच वेळ पेन धरून बसलो आणि शेवटी लिहिलं, 'रोज चढतो'. इमारतीतल्या सगळ्यांच्या सह्या जोडायला सांगितल्या. त्या मी आणल्या. शिवणकामवाल्या बाईंनी 'जिन्यात ओरडणार नाही' या अटीवर दिली. कारकून म्हणाला, टपालाने कळवू. परीक्षा दहा दिवसांवर आली तरी टपाल कोरडं. टपालखात्यातलं माणूस घरात असून ही अवस्था.

तेव्हा माझ्या डोक्यात तो विचार आला, ज्याच्यामुळे आज मी हे मान खाली घालून सांगतोय. अरे, आपण पाणीपुरवठ्यात आहोत! पाण्याला उंचीशिवाय दुसरं आहे काय? खात्यातल्या प्रत्येक टाकीची, नळाची, झाकणाची उंची आमच्या नोंदवहीत आहे. आणि आमच्या कचेरीच्या जिन्यात भिंतीत चक्क पितळी खुंटी आहे. तिच्याखाली कोरलंय २१२.४०. पंचवीस वर्षं मी तिच्यावर छत्री अडकवत होतो.

मी छत्री काढली, खुंटीला मनगट टेकवलं आणि घड्याळात दोनशे बारा घातले. दोन सहकारी टाळ्या वाजवायला हजर होते. घरी येऊन मी हिला म्हणालो, "भूमापनवाले गेले उडत. आपल्या खात्याची उंची घातली. दशांशापर्यंत!"

"छान," ती म्हणाली. "पण पायथ्याशी उंचीची पाटी आहे. तिथे परत एकदा जुळवून घ्या म्हणजे झालं."

'म्हणजे झालं' हे मला लागलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीपेक्षा हिला रस्त्यावरची पाटी मोठी!

खरं तर मी परीक्षेला जाणारच नव्हतो. आठ माणसं ठरली होती. आदल्या शुक्रवारी एकाचा पाय मुरगळला आणि आठाची सात झाली. सातांवर परीक्षा होत नाही. हिने मंडळात, शेजारी, पोस्टात सगळीकडे विचारलं. कोणीच मिळेना, तेव्हा माझ्यासमोर येऊन बसली.

"याल का?"

"यायलाच हवं," मी म्हणालो. "घड्याळ आहे आपल्याकडे."

"एक मात्र ऐका. तिथे तुम्ही माझे मिस्टर नाही. आठ नंबरचे आहात. मी सांगेन तसं चालायचं. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. परीक्षक मागून चालत असतात, ते सगळं लिहून घेतात."

"मी कधी बोलतो?" मी विचारलं.

परीक्षक पेशाने दातांचे डॉक्टर होते. उंच, सडपातळ, हातात छोटी वही. समोरच्याच्या तोंडात हात घालून प्रश्न विचारायची आणि उत्तराची वाट न बघायची सवय असावी, कारण सकाळी बसमधून उतरल्यावर त्यांनी मला "काय, बरं आहे ना?" विचारलं आणि मी तोंड उघडेपर्यंत पुढे निघून गेले. बाकी तुकडीत एक बेकरीवाला होता, नव्याकोऱ्या बुटांत. शाळेतल्या ग्रंथपाल बाई होत्या. आणि महाविद्यालयातल्या पाच जणी होत्या, ज्या एकमेकींशिवाय कोणाशी बोलत नव्हत्या. नियमाप्रमाणे सगळ्यांचे मोबाईल बंद करून पिशवीत. नकाशा, होकायंत्र आणि उंचीचं घड्याळ मात्र चालतं.

पायथ्याशी पाटी होतीच. निळी, भलीमोठी. त्यावर पांढऱ्या रंगात 'समुद्रसपाटीपासून उंची ६१० मीटर'.

मी घड्याळ पाहिलं. ५१४.

आता कोणीही शहाणा माणूस काय करेल? बटण दाबेल, सहाशे दहा घालेल, पुढे जाईल. अर्ध्या मिनिटाचं काम. पण गेला आठवडाभर मी इमारतीत, कचेरीत, बसमध्ये, दशांशापर्यंत, दशांशापर्यंत म्हणत फिरलो होतो. बसमध्ये बेकरीवाल्याला तर मी घड्याळ हातात घेऊन बघू दिलं होतं. आता सगळ्यांदेखत शहाण्णव मीटर खाल्ल्याचं कबूल करायचं? मी मनाशी म्हटलं, पाटी रंगवणाऱ्याने अंदाजे ठोकून दिली असेल. सहाशे दहा! एवढा गोल आकडा खरा असतो का कधी? तेवढ्यात ग्रंथपाल बाई गळ्यातला कॅमेरा काढत म्हणाल्या, "फोटो काढू या का सगळ्यांचा?" आणि मी चपळाईने जाऊन पाटीसमोर उभा राहिलो. नीट, खांदा आकड्यावर येईल असा. फोटोत 'समुद्रसपाटीपासून उंची' दिसतं आणि पुढे मी आहे, हसतोय.

"आठ नंबर," हिने विचारलं, "घड्याळ जुळलं?"

"तंतोतंत," मी म्हणालो.

एवढा मोठा खोटेपणा मी लग्न झाल्यापासून तरी केला नव्हता.

पहिले दोन तास मजेत गेले. ही पुढे, एका चालीत, मधे मधे थांबून सगळ्यांचे श्वास, बूट, पाण्याच्या बाटल्या बघत. बेकरीवाल्याची टाच घासायला लागायच्या आधीच तिने त्याला बसवून पट्टी लावली. मला तिचा अभिमान वाटला, खरंच वाटला. आणि त्याच वेळी आपल्याला कोणी काही विचारत नाही याचा रागही येत होता. दोन्ही एकदम येऊ शकतं. मग मी कोणी न विचारता आकडे सांगायला सुरुवात केली. "आठशे!" "नऊशे पन्नास!" "हजार झाले बरं का!" पोरी टाळ्या वाजवायच्या. डॉक्टर मागे वहीत काहीतरी लिहायचे. मला वाटलं, आकडेच लिहून घेत असतील.

मग तो फाटा आला.

वाट दोन भागांत फुटत होती. उजवीकडची रुंद, मळलेली. डावीकडची दगडांतून, अरुंद. धुकं उतरलं होतं, वीस पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं. हिने नकाशा उघडला, होकायंत्र ठेवलं, दोनदा ओढ्याचा आवाज कुठून येतो ते ऐकलं, आणि म्हणाली, "हाच फाटा. इथून डावीकडे."

"आठ नंबर बोलू शकतो का?" मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. "बोला."

"नकाशात फाट्याची उंची काय लिहिलीय?"

"तेराशे चाळीस."

मी मनगट वर केलं, सगळ्यांना दिसेल असं. "बाराशे चव्वेचाळीस. म्हणजे तो फाटा अजून शहाण्णव मीटर वर आहे. हा कुठलातरी भलताच. गुराढोरांचा असेल."

तोंडाने शहाण्णव म्हणताना मला पायथ्याचे शहाण्णव आठवले नाहीत, असं मी इथे लिहिलं असतं. पण आता खोटं पुरे झालं. आठवले. पण शब्द निघून गेले होते आणि आठ माणसं माझ्या मनगटाकडे बघत होती.

"घड्याळ सांगतंय म्हणजे..." बेकरीवाला म्हणाला.

"नकाशे छापल्यावर जुने होतातच," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"आणि ही वाट किती छान आहे!" पोरींपैकी एक उजवीकडे बघत म्हणाली.

आमची ही मात्र माझ्याकडेच बघत होती. घड्याळाकडे नाही, माझ्या तोंडाकडे. "नक्की?" तिने विचारलं.

"शंभर टक्के," मी म्हणालो.

तिने पुन्हा एकदा डावीकडे पाहिलं. मग नकाशाची घडी घातली आणि म्हणाली, "चला, उजवीकडे." मागे डॉक्टरांनी वहीचं पान उलटलं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगायला लाज वाटते. घड्याळात तेराशे चाळीस झाले तेव्हा खरोखरच डावीकडे एक पाऊलवाट निघाली. मी "बघा!" असं इतक्या जोरात ओरडलो की एक पोरगी दचकून बसली. त्या वाटेने आम्ही चिखलातून गेलो, काट्यांतून गेलो, बेकरीवाल्याचा डावा बूट चिखलात राहिला तो दोघांनी ओढून काढला, आणि सव्वाबाराला आम्ही एका तारेच्या कुंपणापाशी पोचलो. आत पांढरी लाकडी खोकी, गरगर फिरणारी चार वाट्यांची चकरी आणि एक छोटी खोली. निवारा नाही, तळं नाही. ते हवामान केंद्र होतं.

खोलीच्या भिंतीवर फूटभर उंचीच्या अक्षरांत रंगवलं होतं, 'उंची १५२८ मीटर'.

मी घड्याळ बाहीत ढकललं.

आतून केंद्रावरचे निरीक्षक बाहेर आले. महिन्यातून एखादं माणूस दिसत असावं, कारण आम्हाला पाहून त्यांना इतका आनंद झाला की ते घाईत स्वेटर उलटा घालून आले. "निवाऱ्याला? मग इकडे कसे? खालच्या फाट्यावर डावीकडे वळायचं होतं!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"हवामान," मी म्हणालो. "हवेच्या दाबात अचानक बदल झाला की ही घड्याळं थोडी..."

हे मी हवामान केंद्राच्या दारात, हवामान निरीक्षकाला सांगत होतो. त्यांचा चेहरा पडला. "अहो, काय बोलताय? आज सकाळपासून दाब तसूभर हललेला नाही! दर तासाला मी स्वतः लिहितोय. या, वही दाखवतो." त्यांनी खरंच वही आणली. माझा हात धरून बाही वर केली. "चौदाशे बत्तीस. म्हणजे बरोबर शहाण्णव कमी. हवेची चूक अशी नेमकी नसते हो. कुठे जुळवलंत हे?"

"आमच्या खात्यात," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच मला घाम फुटला.

कारण शहाण्णव हा आकडा मला पाठ होता. आमच्या खात्याची कुठलीच उंची समुद्रापासून मोजलेली नाही. खात्याला समुद्राशी कर्तव्यच नाही. जुन्या पंपघरातल्या विहिरीचा तळ म्हणजे आमचं शून्य, आणि तिथून वर सगळ्या टाक्या, नळ, झाकणं आणि ती छत्रीची खुंटी. तो तळ समुद्रसपाटीपासून शहाण्णव मीटर वर आहे. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात तसं लिहावं लागतं, 'सर्व उंची खात्याच्या शून्यापासून; समुद्रसपाटीसाठी ९६ मीटर मिळवावेत'. त्या वाक्याचा रबरी शिक्का आहे. तो शिक्का माझ्या टेबलावर असतो. पंचवीस वर्षं दिवसाला वीस वेळा मी तो मारतोय.

हे मी कोणाला सांगितलं नाही. "बघतो, दुरुस्तीला टाकतो," असं काहीतरी पुटपुटलो.

हिने घड्याळ पाहिलं, साधं, वेळेचं. निवाऱ्याला एकच्या आत पोचणं आता शक्य नव्हतं. तिने निरीक्षकांकडून सगळ्यांच्या बाटल्या भरून घेतल्या, बेकरीवाल्याचे मोजे वाळवले, आणि शांतपणे म्हणाली, "इथून परत. वाट माझी चुकली. सगळे जवळ जवळ चाला." 'माझी' म्हणाली. मी तिथेच होतो, चार हातांवर. मी बुटाची नाडी बांधत बसलो.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. मी शेजारी. मी एकदा म्हणालो, "पुढच्या वेळी..." ती म्हणाली, "पाय दुखतायत का तुमचे?" आणि पुन्हा बाहेर बघायला लागली.

आठ दिवसांनी टपालाने दोन पत्रं आली. एक मंडळाचं: 'उमेदवार अनुत्तीर्ण. तीन महिन्यांनी फेरपरीक्षा देता येईल.' दुसरं भूमापन कचेरीचं: 'आपल्या इमारतीच्या पहिल्या पायरीची उंची समुद्रसपाटीपासून ३०१ मीटर.' हिने पहिलं वाचून घडी करून कपाटात ठेवलं, दुसरं माझ्यासमोर ठेवलं आणि पोस्टात निघून गेली. विमानवाले काका दारात येऊन म्हणाले, "आली का सरकारी? मी म्हटलं नव्हतं!" मी दार लावून घेतलं.

ती रागावली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. ती नेहमीसारखीच वागत होती. फक्त दोरीवर गाठी दिसेनाशा झाल्या. सदरे साध्या चिमट्यांनी लटकायला लागले.

पत्र आल्याच्या पाचव्या दिवशी मला राहवेना. मी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. ठरवलंच होतं, सगळं सांगायचं. पाटी, खांदा, शिक्का, सगळं. म्हणायचं, दोष माझा आहे, तिला पास करा. पण स्वागतिका म्हणाल्या, दाखवायचं असेल तरच आत सोडते. मी म्हटलं दाखवतो. खुर्ची मागे झाली, डोळ्यांवर दिवा आला, आणि मी "डॉक्टर, मला त्या दिवशीचं..." म्हणेपर्यंत त्यांनी आरसा तोंडात घातला.

"त्या दिवशीचं ना? मोठं उघडा. पाटीपुढे उभे राहिलात ते म्हणताय का?"

मी "आँ," म्हणालो.

"मी पाहिलं ते. तुमच्या मिसेसनीही पाहिलं. हा मागचा किती दिवस दुखतोय?"

मी पुन्हा "आँ," म्हणालो. मला पाहिलं या शब्दाचा धक्का बसला होता. तिने पाहिलं होतं?

"परत आल्यावर मी त्यांना विचारलं. म्हटलं, फाटा हाच हे तुम्हाला कळलं होतं ना? म्हणाल्या, हो. घड्याळ चुकीचं आहे हेही कळलं होतं? म्हणाल्या, पायथ्याशीच. मग उजवीकडे का गेलात? तर म्हणाल्या, सगळ्यांसमोर ह्यांना खोटं पाडायला जीभ रेटली नाही." त्यांनी सुई बदलली. "तुम्हाला वाटत असेल मी घड्याळामुळे नापास केलं. छे! यंत्रं चुकतात, माणसंही चुकतात. पण रस्ता माहीत असून कोणाची तरी अब्रू राखायला नऊ माणसांना धुक्यात भलतीकडे नेणारा नेता डोंगरावर चालत नाही. घरी चालत असेल. चूळ भरा."

मी चूळ भरली. बोलायला तोंड मोकळं झालं तेव्हा बोलण्यासारखं काही शिल्लक नव्हतं.

घरी आलो तर ती ओट्याशी होती. मी दारातूनच म्हणालो, "मी पाटी झाकली होती. मुद्दाम."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"मग तू बोलली का नाहीस?"

तिने हात पुसले. "अहो, एवढे खूश होता तुम्ही त्या घड्याळावर." मग फडकं ठेवत म्हणाली, "माझीच चूक. मला बोलायला हवं होतं." आणि पहिल्यांदाच तिचा आवाज कापला. "वर्षभर मेहनत केली होती हो मी."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. ती म्हणाली, नको आता. तरी मी पट्टा चौदाव्या भोकावर आणून ठेवला.

तीन महिन्यांनी फेरपरीक्षा आली. पुन्हा आठ माणसं हवी होती. या वेळी तिने सगळीकडे आधीपासून विचारलं. बेकरीवाला आला, ग्रंथपाल बाई आल्या, पोरी आल्या, शिवणकामवाल्या बाई आल्या. आठ झाली. मला विचारलं नाही. मीही 'मला विचार' असं म्हणालो नाही, पण दोन दिवस पायांत बूट घालून घरात वावरत होतो, हे खरं.

रविवारी ती सकाळी गेली. मी दिवसभर जमीन पुसली, दोन खण आवरले, तीनदा जिन्यापर्यंत जाऊन आलो. संध्याकाळी ती आली. चेहरा उन्हाने लाल, बुटांना चिखल. पाठपिशवी उतरवली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "झाले पास."

मी पाणी आणून दिलं. मग म्हणालो, "फाट्यावर धुकं होतं?"

"होतं ना. त्या दिवशीपेक्षा दाट. सगळे म्हणत होते उजवीकडे."

"मग?"

"मी म्हटलं डावीकडे."

"मग?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी फारच सोपं काही विचारतोय. "मग काय? डावीकडे गेलो."

ती पाणी प्यायली आणि बुटांच्या नाड्या सोडायला वाकली. मी तिथेच उभा होतो. वर्षभर जिच्यासाठी ती राबली ती गोष्ट एवढीच होती, आणि ती इतकी सहज झाली होती, कारण या वेळी मी तिथे नव्हतो.